मामाची मांडी

११ जानेवारी १९७०, रविवार

नव्या वर्षाची वही आजवर कोरीच होती. सुलतानपुरात जे घडतं ते बहुतेक लिहिण्यासारखं नसतं. आज दुसरबीडला जाऊन आलो, ते मात्र लिहिण्यासारखं आहे.

दुसरबीडचे उकंडराव माझे व्याही. आमच्या पुष्पाचे सासरे. जमीन पुष्कळ, आवाज त्याहून पुष्कळ. मी शाळामास्तर, शिवाय मुलीचा बाप, म्हणजे दोन्हीकडून खाली. त्यांनी जालन्याहून एक जुनी अँबॅसिडर आणली. रंग साईसारखा, म्हणजे उघड्यावर शिळी झालेल्या साईसारखा. वेशीपासून घरापर्यंत मिरवणूक. पुढे वाजंत्री, मागे गाडी, गाडीमागे धुरळा, धुरळ्यात आम्ही मुलीकडचे.

गाडी चालवत होता गफ्फार ड्रायव्हर. शेजारी उकंडराव, आणि त्यांनी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर काढून धरलेला माझा नातू, मुरली. वय सव्वा वर्ष. लोक गुलाल टाकत होते, तो पोराच्या नाकातोंडात जात होता, पोर ओक्साबोक्शी रडत होतं, आणि उकंडराव ओरडत होते, "पाहा रे, धाकले मालक पाहा!" त्या घरात त्याला मुरली कोणी म्हणत नाही. नाकाला शेंबूड, ढुंगणाला लंगोट नाही, पण मालक.

मी गाडीबरोबर चालत म्हणालो, "इवाईबुवा, पोराले आत घ्या. पडंल."

"माह्या हातातून? मास्तर, या हातानं माजलेला गोऱ्हा धरला हाये म्या."

"गोऱ्ह्याले चार पाय असतात. पडला तरी उभा राह्यते."

भोवतीचे लोक खो खो हसले. उकंडराव हसले नाहीत. उत्तर बरं जमलं होतं, म्हणून टिपून ठेवतो.

१४ जानेवारी, संक्रांत

पुष्पाला घेऊन व्याही मंडळी गाडीनं आमच्याकडे आली. मी स्टँडसमोरच्या आमच्या ओट्यावर उभा होतो, म्हणून सगळं पाहिलं. उकंडराव पुढे, मुरली मांडीवर. एक हात पोराभोवती, दुसरा खिडकीबाहेर, स्टँडवरच्या लोकांना रामराम घालण्यात गुंतलेला. तेवढ्यात म्हैस आडवी आली. गफ्फारनं ब्रेक दाबला. पिळलेल्या आंब्यातून कोय निसटावी तसं पोर मांडीवरून निसटलं आणि समोरच्या पत्र्यावर तोंडानं आदळलं. ओठ फाटला, नुकताच आलेला वरचा दात गेला.

मागच्या सीटवरून विहीणबाई, गोजरबाई, उतरल्या. पहिलं वाक्य: "या गावची नजरच वंगाळ." मीठ-मिरच्या आल्या. आधी गाडीवरून उतरवल्या, मग पोरावरून.

उकंडराव म्हणाले, "मांडीवर होता म्हणून वाचला. नाही त काय झालं असतं, सांगा!"

आणि पुष्पा? पुष्पा पदरानं पत्र्यावरचं रक्त पुसत होती. सासऱ्यांनी सांगितलं होतं, डाग वाळला की निघत नाही. जावई इंद्रभान बापापुढे खोकतदेखील नाही. तो उभा राहून टायर बघत होता. संध्याकाळी गाडीला लिंबू बांधलं आणि सगळे निश्चिंत होऊन गेले. लिंबू! पत्रा तिथंच, मांडी तिथंच, म्हशी गावात शंभर.



१९ जानेवारी, सोमवार

स्टँडवर शेंगदाणे घेतले. खवट निघाले. पुडीचा कागद मात्र इंग्रजी मासिकाचा, रंगीत, मुंबईच्या रद्दीतून घरंगळत इथवर आलेला. त्यावर मोटारीच्या मागच्या सीटवर एक छोटी खुर्ची. खुर्चीत एक गोरं मूल, दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून पट्ट्यांनी आवळलेलं, आणि हसत असलेलं. खुर्ची मोटारीला बांधलेली, मूल खुर्चीला बांधलेलं. एवढंच. आपण बैलगाडीतून गोडेतेलाचा डबा नेतो तेव्हा त्याला दोरी आवळतो. पोराला नाही.

सौ.ला, म्हणजे सत्यभामेला, कागद दाखवला. तिनं तो चुलीच्या उजेडात नीट पाहिला. म्हणाली, "हे बरं हाये. करून घ्या. पण द्याले तुमी जाऊ नका, मी जाईन."

"काऊन?"

"तुमी देताना बोलाल."

सत्यभामेला कधी कधी काय म्हणायचं असतं ते तिचं तिलाच कळत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

रहेमतुल्ला खोगीरवाल्यानं खुर्ची केली. सागवानी चौकट, काथ्या आणि कापूस भरलेली गादी, पाठ पोराच्या डोक्याच्याही वर जाणारी, आणि टांग्याच्या घोड्याला घालतात तसले चामडी पट्टे. मापाला पुष्पानं गफ्फारच्या हाती झबलं धाडलं होतं. रहेमतुल्ला म्हणाला, "वाढतं अंग हाये मास्तरसाब, जरा मोठी बनवू? पुढं कामी येईन." म्हटलं, सदरा मोठा चालतो, खुर्ची नाही. पट्ट्याखालून पोरगं निसटलं तर तुझं चामडं काय चाटायचं? तो माझ्याकडे पाठ करून चामडं कापू लागला.

गफ्फार आज टायरात हवा भरायला सुलतानपूरला आला होता. खुर्ची गाडीच्या मागच्या सीटखालच्या लोखंडाला नटबोल्टानं आवळली. हलवून पाहिली, खुर्चीबरोबर अख्खी गाडी हलली तेव्हा समाधान झालं.

मग परीक्षा. सौ.नं परसातला लाल भोपळा दिला, साधारण मुरलीच्याच वजनाचा. पहिल्यांदा तो मी पुढे बसून मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी कवटाळून. तरुणपणी मी आखाड्यात उतरलेला माणूस.

"घट्ट धरा," गफ्फार म्हणाला, "मंग मले शिव्या देऊ नका."

मेहकर रस्त्यावर रान मोकळं बघून त्यानं ब्रेक दाबला. भोपळा गेल्याचं हातांना नंतर कळलं. पत्र्यावर फुटला, गर धोतरावर, बिया मिशीत. भोपळ्याच्या जागी काय होतं हे मनात आलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ओकलो.

मग दुसरा भोपळा खुर्चीत बसवला, पट्टे आवळले. तोच वेग, तोच ब्रेक. भोपळा जरासा पुढे वाकला, नमस्कार केल्यासारखा, आणि परत टेकला.

गफ्फारनं पत्र्यावरचा गर बोटानं निपटला. मग म्हणाला, "या बिया आता मी काढू का?"

८ फेब्रुवारी, रविवार

परीक्षेनंतर गाडीतून सोडवून ठेवलेली खुर्ची आज दुसरबीडला नेऊन दिली. सौ. बरोबर येते म्हणत होती, पण म्हटलं, भोपळ्याचा अनुभव माझा आहे.

ओट्यावर बरीच माणसं होती. गोजरबाईंनी खुर्चीला हातसुद्धा लावला नाही. "आमच्या घरातल्या मांड्या सरल्या का जी? आजीची हाये, आज्याची हाये, आत्याची हाये. लेकराले लाकडावर बसवाले तो काय बेवारस हाये?"

उकंडरावांनी पट्टा ओढून पाहिला. "मास्तर, बांधून नेतात ते एक त चोराले, नाही त मढ्याले."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. अशा वेळी माझं डोकं फार चालतं. म्हणालो, "इवाईबुवा, गाडीत तुमची पानपेटी फडक्यात गाठ मारून ठेवता, सांडू नये म्हणून. म्हणजे चुना जपाचा. नातू सांडला त सांडला!"

ओटा हसून हसून आडवा झाला. सालदारसुद्धा हसले. उकंडराव उठून आत गेले. चहा आला नाही. दारातून पुष्पा माझ्याकडे बघत होती, एकटक. बापाचा अभिमान वाटला असणार.

घरी आल्यावर लक्षात आलं, भोपळ्याचं सांगायचं राहूनच गेलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

स्टँडवर उभा होतो. अँबॅसिडर आली आणि मुद्दाम माझ्यासमोर थांबली. मागच्या सीटवर खुर्ची पक्की बसवलेली, आणि खुर्चीत, तिन्ही पट्टे आवळून, पितळी पानपेटी. मुरली पुढे, सीटवर उभा, पत्र्याला धरून. ओठाची जखम भरली आहे, दाताची फट आहे.

"मास्तर," उकंडराव खिडकीतून पिंक टाकून म्हणाले, "खुर्ची एक नंबर! चुना जरा बी सांडला नाही!"

स्टँड हसलं. पिंकेचे शिंतोडे माझ्या वहाणेवर. काय मूर्ख माणूस आहे! मी मारलेला टोमणा त्यानं सल्ला समजून पाळला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बुलढाण्याच्या साप्ताहिकात माझा लेख आला: ‘मांडीपुराण’. नाव बदललं आहे, उकंडरावांचा ‘धोंडराव’ केला. गाडी तशीच ठेवली. पानपेटीही ठेवली, ती कशी सोडवणार? हेडमास्तरांनी शाळेत मोठ्यानं वाचून दाखवला. मेहकरहून दोन वकिलांनी निरोप धाडले. अशा समाजाचं अंधत्व उघडं पाडायला कोणीतरी हवंच.

सौ.नं अंक वाचला आणि घडी घालून धान्याच्या डब्याखाली ठेवला. "लिहून झालं? आता पोरगं कुठी बसन ते सांगा."

५ मार्च, गुरुवार

गफ्फार निरोप घेऊन आला, पुष्पाचा. "ताई म्हणून राह्यल्या, बाबाले सांग, लिहिणं बंद करा. तुमी लिहिता अन् इकडं खुर्ची गोठ्यात जाते."

खुर्ची खरंच गोठ्यात गेली आहे. तिच्यात कोंबडी अंडी घालते. गादीवर विष्ठेचा थर. पोराला मात्र आता मुद्दाम पुढे, थेट स्टिअरिंगवर बसवतात, गावाला दाखवायला. "मी दुसऱ्या गेरच्या वर जातच नाही, मास्तरसाब," गफ्फार म्हणाला.

पोरगी पुरती सासरची झाली. बापाला गप्प बसायला सांगते!

१२ एप्रिल, रविवार

मुरलीचं जावळ पुढच्या रविवारी माहूरला, देवीपुढे. जावळ मामाच्या मांडीवर, ही रीत सगळ्यांचीच. उकंडरावांनी तिला शेपूट जोडलं आहे: मामानं सुलतानपुरापासून माहूरपर्यंत सगळा रस्ता भाच्याला मांडीवर घेऊन गाडीत पुढे बसायचं. मानाची जागा. मामा म्हणजे आमचा निवृत्ती. कॉलेजात आहे, अक्कल यायची आहे. त्यानं टेरिलीनचा सदरा शिवायला टाकला.

मी म्हणालो, "तू जायचं नाहीस."

सौ. म्हणाली, "हा गेला नाही त पुष्पीले जन्मभर ऐकावं लागन. गेला त पोरगं पत्र्यापुढं. यातलं काय पाह्यजे ते सांगा."

मी दौत काढली आणि जावळाच्या दिवशी सगळ्यांसमोर काय बोलायचं ते लिहून काढायला घेतलं. दुपारपर्यंत चार पानं झाली. शेवट फार धारदार आहे. वाचून दाखवायला सौ.ला हाक मारली, तर ती घरात नव्हती. कुरडया घेऊन दुपारच्या एसटीनं दुसरबीडला गेली होती. कुरडया कशात बांधून नेल्या, तर निवृत्तीच्या उपरण्यात, मुरलीच्या बारशाला मामा म्हणून मिळालेल्या! या बाईला घरात दुसरं फडकं सापडलं नाही.

परत आली ती थेट भाकरी थापायला बसली. उपरणं विसरून आली आहे.

२३ एप्रिल, गुरुवार

नाकावर पट्टी आहे. डोळे सुजलेत, अक्षर वाकडं येतं. पण लिहिलंच पाहिजे.

रविवारी सकाळी गाडी दारात आली. चार पानं खिशात घेऊन मी बाहेर आलो आणि खिळलो. मुरली मागच्या सीटवर, खुर्चीत. तिन्ही पट्टे आवळलेले, गादीला निवृत्तीचं उपरणं शिवलेलं.

गोजरबाईच म्हणाल्या, "ही मामाची मांडी हाये. मामाकडून पुढं धाडलेली. जावळ होईस्तोवर लेकराले तिच्यावरून उठवू नाही. इहीनबाईनं सांगितलं. तुमच्याच घरची रीत हाये ना जी?"

माझ्या घरात सात पिढ्यांत अशी रीत नाही. सौ.कडे पाहिलं. ती गाडीच्या चाकांवर पाणी घालत होती.

बोल्ट आवळताना गफ्फारनं बाकीचं सांगितलं. सत्यभामा कुरडया नेल्या त्या दिवशी गोठ्यात बसून खुर्चीवरची कोंबडीची घाण स्वतःच्या नखांनी खरवडत होती. मग ओट्यावर जाऊन उकंडरावांपुढे तिनं पदर पसरला: "त्यायच्या जिभेची माफी मी मागते." आणि गोजरबाई रडल्या म्हणे. संक्रांतीपासून गाडीत बसलं की त्या डोळे मिटून घेतात म्हणे.

माफी! खरं बोलल्याची! वर खोटी रीत! असल्या लबाडीवर माझं पोर सुरक्षित राहायचं? चार पानं खिशात तशीच राहिली. गाडीत जागा नाही म्हणून सौ. घरी थांबली, इंद्रभान एसटीनं पुढे गेला होता. पुढे गफ्फार, मध्ये मी, खिडकीशी उकंडराव, त्यांच्या मांडीवर पानपेटी. मागे गोजरबाई, मुरली, पुष्पा आणि नव्या सदऱ्यातला निवृत्ती. मेहकरपर्यंत उकंडरावांचा घामट दंड माझ्या गालाला घासत होता आणि तंबाखूचा वास नाकात.

मेहकर सोडलं. वळणावर कडब्याची बैलगाडी, भर रस्त्यात. गफ्फारनं गाडी वळवली, चाक उतरलं, आणि आम्ही बाभळीवर.

पानपेटी माझ्या नाकावर बसली. उकंडरावांचं तोंड पत्र्यावर, अगदी संक्रांतीला जिथं मुरलीचं आदळलं होतं तिथंच. पुढचे दोन दात गेले. मागे गोजरबाईंचं मनगट मोडलं. मग मुरलीचा आवाज आला. भोकाड. मागे वळून पाहिलं तर पोर पट्ट्यांत लोंबत होतं, लालबुंद, संतापलेलं. ओरखडा नाही. पुष्पाच्या कपाळातून रक्त गळत होतं आणि ती त्याचा एकेक हात, एकेक पाय चाचपत होती.

उकंडराव पोराकडे बघत नव्हते. खाली, आपल्या मांडीकडे बघत होते. तिथं चुना सांडला होता. धोतराची काळजी, दुसरं काय.

जावळ झालं. बाकीचा रस्ता एसटीनं गेलो. खुर्ची मात्र उकंडरावांनी गाडीतून सोडवून डोक्यावर घेतली, आणि माहूरपर्यंत कोणाच्या हाती दिली नाही.

३ मे, रविवार

विहीणबाईंचं मनगट बघायला दुसरबीडला गेलो. सौ.ही होती.

खुर्ची देवघरात आहे. हळद-कुंकू, हार, समोर नारळ. गावातल्या बाया लेकरं आणतात, खुर्चीला डोकं टेकवायला लावतात आणि मांडीवर घेऊन बैलगाडीनं परत जातात. ‘देवीनं मामाच्या मांडीत येऊन धरलं’ असं ठरलं आहे. रहेमतुल्लाचे पट्टे तेलानं माखून चिकट झालेत, त्यांना मुंग्या लागल्यात.

आणि दारात दुरुस्त होऊन आलेली अँबॅसिडर उभी. सिंदखेडराजाला लग्नाला निघायचं होतं. पुढे उकंडराव, आणि मांडीवर मुरली.

मी म्हणालो, "अन् खुर्ची?"

"देवीच्या आसनावर ढुंगण टेकवावं काय, मास्तर?" दात नसल्यानं शब्द फुसफुसत होते. दोन्ही हात पोराभोवती गुंफलेले, रामरामाला एकही मोकळा नाही. म्हातारा झालाय.

लोक जवळ सरकले. माझ्या तोंडाकडे बघू लागले. पुष्पानं पदराचं टोक दातांत धरलं. आणि मला टोमणा सुचला. उभ्या आयुष्यात सुचला नव्हता असा. देवी, दात आणि पानपेटी तिन्ही त्यात होती. उकंडराव त्यानंतर वर्षभर ओट्यावर बसले नसते.

मुरलीनं तोंड उघडलं. दाताची फट दिसली.

मी म्हणालो, "इवाईबुवा, पहिली मांडी देवीले गेली, बरंच झालं. पण मंग मामाले दुसरी द्या लागते. लेकराच्या मापानं. अन् लेकरू वाढलं की तिसरी. तोवर त्यानं गाडीत दुसऱ्या कोणाच्या मांडीवर बसू नाही."

"हे कोठची रीत?"

"आमच्या घरची."

मग आतून, गळ्यात हात अडकवलेल्या गोजरबाईंचा आवाज: "हाव, खरं हाये. इहीनबाईनं मले सांगितलं होतं." सौ.नं तसलं काहीही सांगितलेलं नव्हतं. ती खाली बघत होती.

उकंडरावांनी एवढा मोठा श्वास सोडला की तंबाखूचा भपकारा माझ्यापर्यंत आला. पोर त्यांनी पुष्पाच्या हाती दिलं. "मंग आधी नाही का सांगावं, मास्तर! गफ्फार, गाडी ठेव. लग्नाले एष्टीनं जाऊ."

लोक निराश होऊन पांगले. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. पन्नाशीला टेकल्यावर देवीच्या नावानं थाप मारली, आणि ती चालली. तो टोमणा इथंही लिहीत नाही. ही वही सौ. वाचते असा मला फार दिवस संशय आहे.

२४ मे, रविवार

दुसरी मांडी तयार झाली. रहेमतुल्लानं या खेपेला मापाबद्दल वाद घातला नाही. गफ्फारबरोबर बसवली. निवृत्तीचा टेरिलीनचा सदरा गादीवर शिवला, कारण मामाचं काहीतरी लागतंच. तो रुसला आहे.

मुरलीला घेऊन मंडळी आमच्याकडे आली. वळणावर त्यानं सकाळचं सगळं दूध ओकून टाकलं. गादीवर, पट्ट्यांवर, बकलांच्या आत. उकंडरावांनी नाकाला उपरणं लावलं. गोजरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. गाडीभर आंबट, चामड्यात मुरलेली घाण.

पट्टे मीच सोडवून विहिरीवर नेले आणि धुतले. दोनदा साबण लावला. वास अजून बोटांना आहे, जेवण गेलं नाही. वाळत घातलेत. सकाळी ते लोक परत निघतील, त्याआधी बसवायला हवेत.